अॅम्बेसेडर घ्यावी की फियाट? जुन्या गाडीत भांडवल गुंतविण्याआधी

जुन्या मोटारींना पुन्हा भाव येऊ लागला आहे, हे गॅरेजवाल्या बांधवांना सांगायला नको. ज्या गाड्या काही वर्षांपूर्वी भंगारवाला वजनावर उचलून नेत होता, त्यांच्यासाठी आज शिकलीसवरलेली, कमावती मंडळी डेंटरच्या दारात येऊन बसतात. कोणाच्या वडिलांनी ती गाडी चालविलेली असते, कोणाची वरात तिच्यातून निघालेली असते. आठवणीसाठी पैसा मोजायची त्यांची तयारीही असते. साहजिकच आमच्या वाचकांपैकी काही कारागीर आणि छोटे व्यापारी विचारू लागले आहेत की, एखादी जुनी गाडी घेऊन, नीट करून विकावी काय? आणि घ्यायचीच तर अॅम्बेसेडर घ्यावी की फियाट?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ज्याच्या गाठीला एकाच गाडीपुरते भांडवल आहे, त्याची निवड फसली तर ती गाडी वर्षभर गॅरेजमधली जागा अडवते, रोजचे गिऱ्हाईक परत जाते आणि शेवटी सुटे भाग काढून विकण्याची पाळी येते. तेव्हा या दोन गाड्यांचा चालविण्याच्या, वळविण्याच्या आणि सांभाळण्याच्या दृष्टीने नीट तौलनिक विचार करणे आम्हाला जरुरीचे वाटते.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. बाजारात पन्नास वर्षांपुढची कोणतीही गाडी 'व्हिंटेज' म्हणून खपते. शौकिनांच्या जुन्या हिशेबाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळात बनलेली गाडी. त्या हिशेबाने आपल्या या दोघी व्हिंटेज नव्हेतच. पण सरकारी नियमात हाच शब्द वेगळ्या अर्थाने आलेला आहे आणि त्याच्याशी आपल्या पैशाचा संबंध आहे. त्याकडे पुढे येऊ.

दोघींचे घराणे

अॅम्बेसेडरचे मूळ इंग्रजी. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली गुजरातेत ओखा बंदरावर सुरू झाली आणि १९४८ मध्ये बंगालमधील उत्तरपाडा येथे गेली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून तिने अॅम्बेसेडर काढली. सुरुवातीला तिला १४७६ सीसीचे जुन्या पद्धतीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते, ते लवकरच गेले आणि १४८९ सीसीचे, वरून व्हॉल्व्ह असलेले बीएमसी इंजिन आले. मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर, नोव्हा अशी नावे बदलत गेली, पण पत्र्याचा साचा जवळजवळ तोच राहिला. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि पाच गिअरची पेटी आली. मे २०१४ मध्ये उत्पादन थांबले.

फियाटचे मूळ इटलीचे आणि माहेर मुंबईचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. तीच ती पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जिला मुंबईकर आजही 'डुक्कर फियाट' म्हणतात. १९६४ मध्ये डिलाईट आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ मध्ये तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये पद्मिनी. कंपनीने नाव बदलले, लोकांनी बदलले नाही. २००० च्या सुमारास शेवटची गाडी निघेपर्यंत टॅक्सीवाले तिला फियाटच म्हणत राहिले. आम्हीही तेच म्हणणार आहोत.

मुंबईची टॅक्सी फियाट आणि कोलकात्याची अॅम्बेसेडर का, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे. कारखाना जवळ, तर सुटा भाग जवळ आणि त्या गाडीचा मिस्त्रीही जवळ. टॅक्सीवाल्याला दिवस वाया घालविणे परवडत नाही.

ताकद कोणाची

कागदावर अॅम्बेसेडर मोठी दिसते. तिचे १४८९ सीसीचे इंजिन साधारण ५० अश्वशक्तीचे, तर फियाटचे १०८९ सीसीचे इंजिन साधारण ४० चे. पण वजन पाहिले तर अॅम्बेसेडर ११०० किलोच्या आसपास भरते आणि फियाट ९०० च्या. भागाकार करा. दोघींत एका अश्वशक्तीच्या वाट्याला सुमारे २२ किलोच येतात! म्हणजे ताकदीत फरक जवळजवळ नाहीच. फरक आहे तो ताकद कुठे मिळते यात.

अॅम्बेसेडरच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८९. धाव लांब असल्यामुळे इंजिन हळू फिरतानाच ओढते. सहा माणसे, डिकीत सामान आणि चढ, अशा वेळी ती कुरकुर न करता वर जाते. मात्र तिला पळवायला गेले की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. फियाटचा व्यास ६८ आणि धाव ७५. हे इंजिन फिरायला राजी असते, सिग्नलवरून चटकन सुटते, पण भरल्या गाडीने घाटात खालचा गिअर मागते. पेट्रोल अर्थातच फियाटला कमी लागते, आणि धंद्यासाठी गाडी चालविणाऱ्यांनी तिला उचलून धरले ते त्यामुळेही.

डिझेल अॅम्बेसेडरही बाजारात खूप मिळते. १९८० च्या आसपास आलेले ते १४८९ सीसीचे डिझेल इंजिन टॅक्सीवाल्यांना स्वस्त पडले, पण चाल बैलगाडीची. शौकीन गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. शिवाय दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून न्यायालयीन निर्बंधांचे प्रकरण चालत आलेले आहे. तिकडची गाडी स्वस्त दिसते ती त्यामुळे. आपल्याकडे नोंद करताना काय अडचण येईल हे परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

वळविणे आणि थांबविणे

येथे एक गंमत आहे. बोजड दिसणाऱ्या अॅम्बेसेडरचे स्टेअरिंग रॅक आणि पिनियन पद्धतीचे, म्हणजे आजच्या गाड्यांचे जे असते त्या जातीचे. चाकाला काय होते ते हाताला थेट कळते. उभ्या जागी वळविताना मात्र खांदे दुखतात, आणि वरून कोणी रुंद रेडियल टायर चढविले असतील तर विचारूच नका. फियाटचे स्टेअरिंग वर्मच्या पेटीचे. हाताला हलके, गल्लीबोळात सुखाचे, पण वर्म झिजला की चाक चार बोटे फिरले तरी गाडी सरळच जाते. थोडी ढिलाई पेटीवरच्या स्क्रूने काढता येते. मधोमध सैल आणि टोकाला जाम अशी अवस्था असेल तर स्क्रू आवळून काही होणार नाही, पेटीच उघडावी लागेल.

अॅम्बेसेडरच्या पुढे टॉर्शन बार, फियाटच्या पुढे कॉइल स्प्रिंग, मागे दोघींना पाटे. खराब रस्त्यावर अॅम्बेसेडरला तोड नाही. तिची १५ इंची चाके आणि उंच पोट खड्ड्यांना भीक घालत नाहीत, म्हणून तर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी कचेऱ्यांनी तिला पन्नास वर्षे पोसले. फियाटची चाके १४ इंची, अंतर कमी, गाडी ठेंगणी. चांगल्या रस्त्यावर ती अधिक चपळ आणि वळणावर कमी झुकणारी वाटते. मागच्या सीटवर म्हातारी माणसे बसणार असतील तर अॅम्बेसेडर. चालविणाऱ्याला मौज हवी असेल तर फियाट. आमचे मत असे स्पष्ट आहे.

दोघींचा गिअर वर्षानुवर्षे स्टेअरिंगच्या दांड्याला होता. लिव्हरपासून पेटीपर्यंत जाणाऱ्या सळ्यांच्या बुश झिजल्या की गिअर सापडत नाही आणि नवशिका मिस्त्री लगेच पेटी उतरवायला निघतो. आधी बुश पाहाव्यात. पहिला गिअर दोघींतही सिंक्रो नसलेला आहे, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो घालू नये. आजची तरुण पोरे तिथेच दात तोडतात.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. सपाटीवर पुरतात, घाटात तापतात. बोरघाट असो की आंबोली, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम या गाड्यांसाठीच होता. जुन्या मॉडेलांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच लाइनचा असतो. कुठेही एक कप फाटला की चारही ब्रेक एकदम जातात. म्हणून आम्ही कारागिरांना आग्रहाने सांगू की, गाडी कितीही कमी चाललेली असो, गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी सगळे कप आणि रबरी पाइप नवे घाला. रंगावर काटकसर चालेल, इथे नाही.

सांभाळणे: खरा खर्च कुठे

इंजिनचा खर्च लोकांना मोठा वाटतो. आमच्या मते तो ठरावीक असतो. बोअर, पिस्टन, बेअरिंग, क्रँकची घासणी, लेथवाल्याचा दर ठाऊक असतो, हिशेब बसतो. दोन्ही इंजिने साधी, क्रँकला तीन मेन बेअरिंग, वरून व्हॉल्व्ह. हात बसलेला उस्ताद डोळे मिटून खोलतो.

फरक आहे तो हेडमध्ये. अॅम्बेसेडरचे बीएमसी हेड बिडाचे आणि व्हॉल्व्हच्या सीट त्या बिडातच कापलेल्या. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे असे, ते या सीटना वंगणासारखे जपत असे. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तेव्हापासून कठीण सीट न बसविलेले हेड जोराने चालविल्यास हळूहळू खचते, टॅपेटचे अंतर मिटत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. हेड उतरलेच आहे तर त्याच वेळी लेथवाल्याकडून कठीण सीट बसवून घ्याव्यात. एकदाचा खर्च आहे.

फियाटचे हेड अॅल्युमिनियमचे आणि सीट वेगळ्या बसविलेल्या, त्यामुळे ही कटकट तिला कमी. पण तिचा शत्रू उष्णता. पाणी कमी पडले, रेडिएटर तुंबला, पंख्याचा पट्टा सैल झाला की हेड वाकते आणि गॅस्केट फुंकते. तेलात पाण्याचा दुधी रंग आला तर समजावे. वाकलेले हेड घासून सपाट करता येते, पण किती वेळा? प्रत्येक वेळी हेड पातळ होते. फियाट घेताना हेड यापूर्वी किती घासले गेले आहे हे तपासणारा खरा जाणकार. अॅम्बेसेडर तापली तरी सहन करते. मागून थोडे तेल गाळते खरे, कारण त्या इंजिनला मागे रबरी सीलऐवजी तेल मागे ढकलणारी चकरी आहे. जुन्या बीएमसी इंजिनखाली थेंबभर तेल दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही, धार असेल तर घाबरावे.

अलीकडे एक नवा वैरी आला आहे, २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉल जुने रबर फुगविते आणि हवेतील पाणी ओढते. पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वायसरे, टाकीपासूनचे पाइप हे सर्व इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा, नाही तर आतून पांढरी बुरशी धरते. उन्हाळ्यात पेट्रोल पाइपातच उकळून गाडी बंद पडणे हा तर जुनाच रोग. पंपावर ओले फडके टाकून वाट पाहणारा टॅक्सीवाला ज्याने पाहिला नाही त्याने मुंबई पाहिली नाही.

आता पत्रा. आमच्या मते नफा-तोटा इथेच ठरतो. या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच गाडीचा भार उचलतो. म्हणजे दाराखालची पट्टी, जमीन, जॅक लावण्याच्या जागा आणि मागच्या पाट्यांचे टेकू कुजले असतील तर गाडीचे हाडच कुजले. समुद्राकाठच्या गाडीत हे हमखास सापडते. बरेच विक्रेते त्यावर पुट्टी थापून चकाचक रंग मारतात. खिशात लहान लोहचुंबक ठेवावा, जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. चटई उचलून पाहावी. बोटांच्या सांध्यांनी ठोकून आवाज ऐकावा. डेंटरला सोबत नेण्याची मजुरी द्यावी लागली तरी द्यावी. दहा हजार वाचविण्याच्या नादात लाखाचे काम अंगावर घेणारे आम्ही पाहिले आहेत.

मुंबईची फियाट टॅक्सी होती की खासगी, हेही पत्रा सांगतो. टॅक्सीचा मीटर बाहेर डाव्या बाजूला असे, त्या अंगाला बुजविलेली भोके सापडतात. छतावर कॅरिअरच्या खुणा असतात आणि डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांच्या. टॅक्सी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही, पण खासगी गाडीच्या भावात घेऊ नये. मुंबईत फियाट टॅक्सीची शेवटची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली.

सुट्या भागांच्या बाबतीत अॅम्बेसेडर सरस आहे, यात शंका नाही. ती २०१४ पर्यंत बनत होती, आणि तिचे बीएमसी इंजिन एमजी, ऑस्टिन, मॉरिस अशा अनेक इंग्रजी गाड्यांत होते, त्यामुळे कित्येक भाग विलायतेतही मिळतात. कोलकात्याचा मलिक बाजार तर तिचे माहेरच. फियाटचे इंजिनचे भाग मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाऊसकडे, पुण्यात नाना पेठेत शोधले तर अजून निघतात. अडचण येते ती जुन्या डिलाईटच्या आणि गोल फियाटच्या चकाकत्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, दाराच्या मुठी, घड्याळे यांची. इटलीतच ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. चोरबाजारात एखादी पट्टी हाती लागली तर आज गरज नसली तरी घेऊन ठेवावी. गिऱ्हाईक इंजिनपेक्षा त्या पट्टीसाठी अधिक भाव देते, हा या धंद्याचा विचित्र कायदा आहे.

कागद आणि हिशेब

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि इंजिन, सांगाडा व पत्रा यांत मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुढच्या नोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. पद्मिनी हे नावच १९७४ मध्ये आले, म्हणजे बाजारात दिसणाऱ्या बहुतेक पद्मिनी अजून या रांगेत नाहीत. डिलाईट, प्रेसिडेंट, अॅम्बेसेडरची मार्क वन व मार्क टू या मात्र बसतात. म्हणून त्यांच्या मूळ इंजिनाला हात लावू नका. मार्क टूमध्ये इसुझू इंजिन घालून तिला पळती करणारा मिस्त्री हुशार असतो, पण तो गाडीचा दर्जा आणि किंमत दोन्ही घालवून बसतो.

यात एक मेख आहे, ती लग्नाच्या वराती आणि सिनेमाच्या चित्रीकरणाला गाडी भाड्याने देऊ पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, इतक्याच कामांसाठी ती बाहेर काढता येते. तेव्हा भाड्याचा विचार असेल तर 'व्हीए' नंबराच्या मोहात पडू नये. साधी पांढऱ्या पाटीची खासगी गाडीही परवान्याशिवाय भाड्याला लावता येत नाही, हे सांगायला नकोच.

साध्या नोंदणीवर ठेवायची तर १५ वर्षांनंतर फेरनोंदणी लागते. तिची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी १० हजार. पर्यावरण कर निराळा. हे सर्व खरेदीच्या भावात धरून मगच सौदा करावा. नोंदणी पुस्तकावरचा चासी आणि इंजिन क्रमांक स्वतः गाडीवर वाचून पाहावा. कागद नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी ती सुट्या भागांचा ढीग आहे आणि तेवढेच तिचे मोल.

मग घ्यावी कोणती? रोज वापरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नव्वदीनंतरची इसुझू इंजिनाची अॅम्बेसेडर. ती लवकर तयार होते आणि परत दारात येत नाही, पण नफा बेताचा. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. पत्र्याचा उत्तम कारागीर घरचाच असेल, तर डिलाईट किंवा गोल फियाट. तिच्यात मजुरीचा वाटा मोठा, आणि ती मजुरी घरात राहते. बाहेरच्या डेंटरवर अवलंबून असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्याची गाडी कामाला घेणाऱ्यांनी ठोक रक्कम ठरवू नये. पुट्टी खरवडल्यावर आत काय निघेल हे कोणालाच माहीत नसते. पत्रा, इंजिन, रंग आणि सीटकाम असे चार टप्पे पाडून प्रत्येकाची उचल आधी घ्यावी आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो गिऱ्हाइकाला द्यावेत. कुजलेली जमीन कापून नवा पत्रा जोडल्याचे फोटो विक्रीच्या वेळी रंगापेक्षा जास्त बोलतात. जे दुरुस्त केलेले नाही त्याचीही एक यादी करून ती बिलाच्या मागे लिहावी आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी.